नागावकर डॉक्टर आणि माणिकचा खांदा

मागच्या महिन्यात उमरग्याला एका लग्नाच्या पंगतीत बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या गावात तो ख्रिश्चन ढोरांचा डॉक्टर होता न्हाय का? शनिवारी दवाखाना बंद ठेवायचा बघा." तिच्या पलीकडची म्हणाली, "ख्रिश्चन कुठला, मुसलमान व्हता त्यो. लई तापट." माझा घास हातातच राहिला. सहा-सात वर्षं तो माणूस आमच्या घरात भाड्यानं राहिला, या भागातली कितीतरी जनावरं त्यानं मरणाच्या दारातनं माघारी आणली, आणि यांना तो कोण होता हेसुद्धा धड सांगता येऊ नये? मी म्हटलं, "ज्यू होते ते. आणि तापट होते तेच बरं होतं. तुमच्या-आमच्यात राहून थंड राहायचं म्हणजे माणूस दगडच पाहिजे." समोरच्या पंगतीतनं नवऱ्यानं डोळे वटारले. वटारू दे. तेव्हाच ठरवलं, या माणसाबद्दल नीट लिहून ठेवायचं.

त्यांचं नाव शालोम नागावकर. मूळ गाव अलिबागकडचं, घर पनवेलला. बायको तिकडं बँकेत, मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेलेली. हे एकटे सरकारी बदलीनं मुरूमजवळच्या आमच्या गावात जनावरांच्या दवाखान्यावर आले आणि आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहिले. आडनाव ऐकून लोक त्यांना कोकणातले बामण समजायचे. पहिलं नाव ऐकलं की गडबडायचे. गावाला माणूस कुठल्या तरी खणात टाकल्याशिवाय झोप येत नाही. "डॉक्टरसाहेब, तुमी नेमके कोण?" हे त्यांना इतक्यांदा विचारलं गेलं की त्यांचं उत्तर ठरून गेलेलं होतं. "मी काय मानतो ते विचारू नका. शुक्रवारी दिवस मावळला की काय करतो ते बघा."

ते मी दर आठवड्याला बघत होते, एकाच भिंतीआड राहत होते ना. शुक्रवारी उन्हं कलली की मोटारसायकलची किल्ली कोनाड्यात जायची, मोबाईल बंद व्हायचा. अंघोळ करून पांढरा सदरा घालायचे. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात, असे दिवे लावायचे. काळ्या मनुका भिजवून त्याचं सरबत केलेलं असायचं, ते हातात घेऊन काही म्हणायचे आणि प्यायचे. तिथून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल नाही, गाडी नाही, दवाखाना नाही. रविवारी मात्र सगळं सरकार झोपलेलं असताना हे दवाखाना उघडून बसायचे.

एकदा मी विचारलं, "डॉक्टर, तुमचा शनिवार शुक्रवारीच कसा लागतो?" मी शाळेत शिकवते, मला असल्या गोष्टी अडून राहतात. ते म्हणाले, "जगाची सुरुवातच संध्याकाळनं झाली, बाई. आधी अंधार, मग उजेड, तो पहिला दिवस. तुम्ही दिवस सकाळपासून मोजता, म्हणजे काम लागतं तिथून. आम्ही विसाव्यापासून मोजतो." मग म्हणाले, "आणि सहा दिवस जग केलं, सातव्या दिवशी देव दमून बसला, असं समजू नका. त्या दिवशी त्यानं थांबणं निर्माण केलं. ते नव्हतं तोवर जग पुरं झालं नव्हतं. पवित्र असं त्यानं पहिल्यांदा म्हटलं ते डोंगराला नाही, नदीला नाही. दिवसाला म्हटलं." मला ते फार आवडलं. आम्हा लिंगायतांत देव इष्टलिंग होऊन गळ्यात बांधलेला असतो, कुठं जायचं-यायचं काम नसतं. यांच्यात तो वारात ठेवलेला होता, एवढंच.

जनावरांशी त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं. बैलाला ते 'मालक' म्हणायचे. "उठा मालक. पाय दाखवा. हां, दुखतंय ना, माहीत आहे मला." आणि खऱ्या मालकाकडं न बघता, "वेसण ढिली कर." समोर सरपंच असो की सालगडी, 'कर'च. रागावले की आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा. इतका खाली जायचा की शिव्या ऐकायला माणसाला पुढं वाकावं लागायचं. नव्या माणसाला वाटायचं डॉक्टर काहीतरी खासगी सांगतायत, म्हणून तो कान जवळ न्यायचा आणि कानकोंडा होऊन परत यायचा.

एका शनिवारी गुरवाच्या म्हशीचं रेडकू पोटात अडलं. गुरवाची बायको दारात येऊन रडायला लागली. डॉक्टर उठले, गाडीला हात न लावता पायी गेले, कोपरापर्यंत हात घालून रेडकू फिरवलं, बाहेर काढलं, आणि पायीच परत आले. मी म्हटलं, "मोडला की तुमचा शनिवार." म्हणाले, "मोडला नाही, पाळला. तो जगण्यासाठी दिलाय." झालं, पुढच्या शनिवारी खरूज झालेली शेळी घेऊन एक जण, शिंगाला रंग कुठला लावू विचारायला दुसरा, अशी जत्राच दारात. तेव्हा त्यांचा आवाज असा काही खाली गेला की जत्रा आपोआप पांगली.

माझे सासरे, सारं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, त्यांच्याशी मात्र डॉक्टरांचं गूळपीठ जमलं. कारण सोमवार. आमच्याकडं लिंगायतांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो नंदीचा वार. हे कळलं त्या दिवशी डॉक्टरांनी अप्पांचा हात धरला. "आमच्या लोकांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे," ते सांगायला लागले. "तेलाचे घाणे होते आमचे. पोथ्या गेल्या, भाषा गेली, आपण कोण, कुठून आलो, ते नावसुद्धा विसरलो. पण शनिवारी घाण्याचा बैल सोडायचा, हे विसरलो नाही. पुढं बाहेरची शहाणी माणसं आली, त्यांनी तो सुटलेला बैल बघून आम्हाला ओळखलं. अप्पा, तुमच्या दावणीला मला माझं घर दिसलं." अप्पांचे डोळे भरून आले. त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे, एक जण चहा बिनसाखरेचा प्यायचा आणि दुसरा त्याला नावं ठेवायचा.

आमच्या दावणीला देवणी बैलांची जोडी होती. त्यातल्या माणिकचा खांदा आला. म्हणजे जुवाखाली घासून घासून जखम झाली. डॉक्टरांनी धुतलं, मलम लावलं, इंजेक्शनं दिली. बरं वाटायचं आणि पुन्हा चिघळायचं. डॉक्टर बुचकळ्यात पडले. "अप्पा, ह्याला आठवड्यातनं एक दिवस पूर्ण सोडायलाच पाहिजे. नाहीतर हा खांदा ह्याला घेऊन जाईल." अप्पा म्हणाले, "सोमवारी सोडतोच की." डॉक्टरांनी ते खरं मानलं. मीही मानलं होतं.

श्रावणातल्या एका सोमवारी डॉक्टर लसी टोचून गाडीवरनं परत येत होते. आमच्या रानाशेजारी इस्माईलचाचांचं रान. तिथं सोयाबीनात कोळपं चाललेलं, आणि कोळप्याला माणिक. बांधाच्या अलीकडं आमच्या रानात चाचांचे बैल, त्यांच्यामागं आमचा गडी. डॉक्टरांनी गाडी थांबवली. चाचा हसत बांधावर आले. मोठ्या अभिमानानं सांगायला लागले, "डॉक्टरसाब, ये अपनी पुरानी सावड है. सोमवारकू अप्पा अपने बैल नै जोतते, तो हमे जोतते. जुम्मेकू हमारे बैल हमे नै जोतते, तो उनो जोतते. दोनोंका ईमान सलामत, और काम भी नै रुकता."

डॉक्टरांनी विचारलं, "और बैल?"

"बैलाकू क्या मालूम, साब?"

त्या संध्याकाळी ओट्यावर चहा आला तो तसाच गार झाला. डॉक्टरांचा आवाज इतका खाली गेलेला की मी दारात येऊन उभी राहिले. "अप्पा, तुमचे बैल सोमवारी चाचांकडं, शुक्रवारी दोघांचे मिळून तुमच्याकडं. मग त्यांचा सुट्टीचा वार कुठला?"

अप्पा म्हणाले, "माझ्या हातानं सोमवारी जू चढत न्हाय. वाडवडलांपासून पाळलंय आमी. नंदीला ते ठावं हाय."

"नंदीला ठाऊक असेल. माणिकला ठाऊक नाही." डॉक्टर म्हणाले, "पळवाटा काढायला आमच्या लोकांइतकं कुणाला येत नाही, अप्पा, त्यात आम्ही तुमचे गुरू शोभू. पण एका ठिकाणी आमची वाट बांधून टाकलीय. दिवस एकट्या मालकाला दिलेला नाही. तुझा बैल, तुझं गाढव, तुझा गडी, तुझ्या दारात राहणारा परका, सगळ्यांना दिलाय. का, तर तूही कधी मिसर देशात गुलाम होतास, असं देव आमच्या लोकांना सांगतो. गुलामाला वार नसतो. त्याला सगळे दिवस सारखे. सुटलास तेव्हा तुला पहिली गोष्ट मिळाली ती हीच, स्वतःचा एक दिवस. ती तू दुसऱ्याला नाकारलीस तर तू सुटलासच कुठं?"

अप्पांना हे सगळं कळलं. न कळण्याइतके भोळे नव्हते ते. पण ओट्यावर चार माणसं बसलेली होती, आणि चार माणसांत म्हाताऱ्याला चूक दाखवली की तो चुकीलाच मिठी मारतो. ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या देवाचं तुमच्यापाशी ठेवा. आमच्या देवाचं आमी बघून घिऊ." डॉक्टर उठून खोलीत गेले. मी रात्री भाकरी वाढताना अप्पांना म्हटलं, "डॉक्टर खोटं काय बोलले?" तर म्हणाले, "तुमी शाळंत शिकवा." आमच्या घरात सुनेला अहोजाहो करतात, म्हणून तेवढ्यावर भागलं.

खरा तमाशा झाला पंधरा ऑगस्टला. आमच्या शाळेच्या पटांगणात झेंडावंदन. तालुक्याहून पुढारी आलेले. कुणीतरी त्यांच्या कानात सावडीचं घातलेलं, त्यामुळं भाषणात त्यांनी ते सजवून मांडलं. अप्पांना आणि चाचांना जवळ बोलावलं, दोघांचे हात वर धरले आणि म्हणाले, एकमेकांचा धर्म सांभाळणारं असं गाव महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. टाळ्या पडल्या. पोरांना मीच टाळ्या वाजवायला शिकवलेलं होतं. त्या टाळ्या संपल्यावर डॉक्टर उभे राहिले. म्हणाले, "साहेब, या दोघांची दोस्ती मला प्यारी आहे. फक्त एक सांगा. यांच्या धर्माचं ओझं ज्यांच्या मानेवर आहे ते बैल आज कुठं आहेत?"

कुठं असणार. रानात होते. देशाला सुट्टी होती, शाळेला होती, बँकेला होती, बैलांना नव्हती.

बस, तेवढं एक वाक्य. पण त्या एका वाक्यावर गाव पेटलं. अप्पांचा भर सभेत अपमान केला, हिंदू-मुसलमानांच्या एकीत काडी टाकली, आणि कुणी टाकली तर बाहेरच्यानं. ज्यांना इतकी वर्षं हा माणूस कोण हे समजत नव्हतं, त्यांना त्या दुपारी एकदम समजलं. "ज्यू हाय त्यो, ज्यू. मोबाईलवर बघा त्यांचं काय चालतं ते." अहो, जगाच्या त्या टोकाला कुणी कुणावर बॉम्ब टाकले, आणि त्याचा जाब आमच्या गावात शेळ्यांचे खूर कापणाऱ्या माणसाला? दोन समाज कधी एका गोष्टीवर इतके झटकन एक झालेले मी पाहिले नव्हते. पुढाऱ्याचं भाषण त्या अर्थानं अगदी खरं ठरलं. मला लाज वाटली, आणि राग असा आला की तो आज लिहितानासुद्धा गेलेला नाही.

लोकांनी दवाखान्याची पायरी सोडली. मुरूमच्या खासगी माणसाला बोलवायला लागले. शनिवारी दवाखाना बंद असतो अशी वरती तक्रार गेली. रविवारी उघडा असतो हे कुणी लिहिलं नाही. अप्पांनी खोल्या सोडायला सांगितल्या नाहीत, तेवढी मर्यादा पाळली. बोलणं मात्र टाकलं. आणि माणिकच्या खांद्याला डॉक्टरांचा हात लागू द्यायचा नाही, असा गड्याला हुकूम.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलं म्हणून बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. अप्पा माणिकचा खांदा मळत होते. हात मायेचा, डोळ्यांत पाणी खरं. जखमेवर हळद लागली तसा माणिक सबंध अंगानं शहारला. डॉक्टर त्यांच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "अप्पा, पाया पडतो तुमच्या. आवतण नको त्याला. एक सोमवार द्या. खरा सोमवार. माझ्यावरचा राग त्याच्या मानेवर काढू नका." त्यांचा आवाज त्या दिवशी खाली गेला नव्हता. नेहमीसारखा होता, आणि म्हणूनच मला तो ऐकवेना. अप्पांनी हात थांबवला नाही. दुसऱ्या दिवशी पोळा झाला, पुरणपोळी झाली, शिंगांना बेगड लागली. त्याच्या पुढच्या सोमवारी माणिक चाचांच्या रानात.

चाचांना मी स्वतः जाऊन भेटले. चाचा चांगला माणूस, त्यांचं वाईट मी म्हणणार नाही. ते म्हणाले, "बेटी, मैं नै जोतूं तो अप्पा बोलेंगे, तू भी उस डॉक्टरका हो गया." अप्पांना वाटत होतं, आपण माघार घेतली तर चाचांना वाटेल आपण सावड मोडली. म्हणजे दोघांनाही नको होतं, आणि दोघंही एकमेकांसाठी करत होते. असली मैत्री कुणाच्या वाट्याला येऊ नये.

ज्वारीच्या पेरणीत माणिक तिफण ओढता ओढता खालीच बसला. जखमेत किडे पडलेले, विष अंगात भिनलेलं. डॉक्टर कुणी न बोलावता धावले, शिव्या खाऊन तिथं बसले, सलाईन लावलं. पहाटे माणिक गेला. त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या बदलीचा कागद आलेला होता, सामान बांधून तयार होतं.

आणि मग गावानं जे केलं ते ऐका. माणिकचा मान ठेवायचा म्हणून गाव बंद. त्या दिवशी कुणीही औत धरायचं नाही, असं भोंग्यावरनं सांगितलं. बैलांची एकूण एक जोडी दावणीला उभी राहिली. माणसाच्या मयतासारखी तयारी झाली. ट्रॉली झेंडूनं सजवली, माणिकच्या अंगावर आरसे लावलेली झूल घातली, हलगी आली, गुलाल आला. चाचांच्या घरनं फुलांची चादर आली. पुढाऱ्याची गाडीपण आली, फोटो काढायला. मेल्यावर सगळा दिवस. जिवंतपणी मागितला तेव्हा गाव पेटलं होतं.

आमच्या रानात जेसीबीनं खड्डा घेतलेला. माणिकला खाली उतरवून काठावर ठेवलं. अप्पा ढसाढसा रडत होते, चाचा त्यांना धरून उभे होते. एवढ्यात डॉक्टर आले. खांद्याला प्रवासाची पिशवी, तसेच स्टँडला निघालेले. गर्दी बाजूला झाली. अप्पांनी गुलालाचं ताट पुढं केलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले, "डॉक्टर, या. शेवटचा गुलाल टाका."

डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली. ताटाला हात लावला नाही. माणिकच्या डोक्याशी गुडघे टेकून बसले आणि त्याच्या मानेवरची झूल हळूच मागं सारली. खांद्यावर गुलाल थापलेला होता. त्यांनी खिशातला रुमाल काढला, पाण्याच्या तांब्यात भिजवला आणि तो गुलाल पुसायला लागले. घाई नाही, काही नाही. दवाखान्यात पुसायचे तसंच. हलगी आपोआप बंद पडली. लाल सगळं निघून गेलं आणि जखम दिसली, हाडापर्यंत.

"आता पुरा," ते म्हणाले.

रुमाल तिथंच ठेवला, पिशवी उचलली आणि बांधाबांधानं स्टँडच्या रस्त्याला लागले. मागं वळून बघितलं नाही. मी ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले, मग खड्ड्याकडं पाहिलं. सगळं गाव काठावर उभं होतं, अप्पांच्या हातात माती होती, आणि त्या उघड्या खांद्यावर ती टाकायला कुणाचाही हात उठत नव्हता.